लोकमताची नवी चावडी आणि सुरतेचे समाजशास्त्र

सुरत हे नाव उच्चारले की मराठी माणसाला प्रथम 1664 आणि 1670 ही दोन साले आठवतात. त्यानंतर, जरा ओशाळूनच, 1907 चे काँग्रेसचे अधिवेशन आठवते, ज्याच्या व्यासपीठावर भर सभेत एक दख्खनी जोडा येऊन पडला. तिसरी एक आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही. 1844 सालच्या जून महिन्यात याच शहरात ‘मानवधर्म सभा’ नावाची एक मंडळी उभी राहिली. तिच्या स्थापकांत दुर्गाराम मंछाराम मेहता या गुजराती पंतोजीच्या बरोबरीने आमचे दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. मराठीचे पाणिनी म्हणून ज्यांची ख्याती, ते दादोबा त्या वेळी सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवीत होते. त्या मंडळीतील पाच प्रमुखांची नावे ‘द’ या अक्षराने सुरू होत असल्यामुळे गावात त्यांना ‘पाच दद्दा’ म्हणत. गावाने थट्टेने ठेवलेले नाव पुढे इतिहासाने आदराने जपले, असे क्वचितच घडते.

सुरतेतील समाजशास्त्रीय संशोधनाविषयी लिहावयास बसलो असता ही जुनी हकीकत प्रथम सांगण्यास कारण आहे. फ्रँकफुर्टच्या चिकित्सक संप्रदायाने गेल्या शतकात जे प्रश्न उपस्थित केले आणि हातातल्या फोनमुळे जे प्रश्न आज आपल्या देवळांच्या ओट्यांवर येऊन बसले आहेत, त्यांचा पहिला पाठ या शहराने 1844 सालीच गिरविला होता. मानवधर्म सभेच्या बैठकी उघड भरत. परमेश्वर एक आहे, मनुष्यमात्राची जात एक आहे, माणसाची योग्यता गुणांवरून ठरवावी, जन्मावरून नव्हे, ही मते तेथे चारचौघांत मांडली जात आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणीही उठून प्रश्न विचारू शके. मंत्रतंत्राने भुते काढणाऱ्यांना दुर्गारामांनी जाहीर आव्हान दिले होते. त्याआधी दोन वर्षे, 1842 मध्ये, त्यांनी ‘पुस्तक प्रसारक मंडळी’ काढून शिळाछापखाना चालविला होता. म्हणजे बोलणे, छापणे आणि वाद घालणे या तिन्ही गोष्टी एकाच गल्लीत नांदत होत्या. आणि 1844 सालीच त्याच शहरातील सामान्य लोक मिठावरील वाढीव कराविरुद्ध रस्त्यावर उतरले होते, हेही विसरू नये. शिकलेल्यांची सभा व न शिकलेल्यांचा जमाव यांची गाठ तेव्हा पडली नाही. आजही ती सहसा पडत नाही.

1846 साली दादोबा मुंबईस गेले. तेथे 1849 च्या सुमारास ‘परमहंस सभा’ निघाली. विचार तेच, परंतु बैठकी गुप्त. जातिभेद मोडण्याची शपथ दाराला कडी लावून घ्यावयाची, पावाचा तुकडा खावयाचा आणि बाहेर पडल्यावर जातीच्या पंगतीला नेहमीप्रमाणे जाऊन बसावयाचे. सुमारे 1860 साली सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा एका झटक्यात विरघळली. हा वृत्तान्त आपल्याला ज्यांच्यामुळे नीट कळतो ते अनंत काकबा प्रियोळकर गोव्याचे. त्यांनी दादोबांचे आत्मचरित्र 1947 साली संपादून प्रसिद्ध केले आणि परमहंस सभेवर 1966 साली स्वतंत्र पुस्तक लिहिले. सुरतेची सभा मुख्यतः आधार देणारी माणसे गाव सोडून गेल्यामुळे थांबली. मुंबईची सभा नावे उघडी झाल्यामुळे मोडली. उघड बोलणाऱ्याला गाव सोडावे लागते आणि झाकून बोलणाऱ्याला नाव उघडे पडण्याचे भय असते. या दोहोंमध्ये लोकमत कोठे तयार होते, हा खरा समाजशास्त्रीय प्रश्न आहे.

आता सुरतेच्या समाजशास्त्राकडे वळू. 1969 साली प्रा. ईश्वरलाल प्रागजी देसाई यांनी येथे प्रादेशिक विकासाच्या अभ्यासाचे एक केंद्र स्थापिले. पुढे ‘सेंटर फॉर सोशल स्टडीज’ या नावाने ते देशभर प्रसिद्धीस आले. देसाई हे मुंबई विद्यापीठात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या परंपरेत वाढलेले. घुर्ये मूळचे मालवणचे. तेव्हा सुरतेच्या या झाडाचे एक मूळ आमच्या कोकणच्या मातीत आहे असे म्हटले, तर ती वाचकांनी बढाई समजू नये. परंतु गुरूची नजर ग्रंथांकडे जितकी होती, तितकीच शिष्याची नजर गावाच्या पाणवठ्याकडे होती. महुव्यातील कुटुंबव्यवस्थेवरचे त्यांचे 1964 चे पुस्तक अभ्यासकांना ठाऊक आहे. मला मात्र त्यांचे खरे मोठे काम वाटते ते ग्रामीण गुजरातमधील अस्पृश्यतेवरचे, 1976 साली प्रसिद्ध झालेले.

हे पुस्तक वाचावयास रुक्ष आहे हे प्रथमच कबूल करतो. त्यात तळमळीची वाक्ये नाहीत, उपदेश नाही, कोठे डोळ्यांत पाणी आणण्याचा प्रयत्न नाही. 1971 साली 69 गावांत जाऊन देसाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे विचारले ते इतकेच: शाळेत मुले कशी बसतात? टपालाचा व्यवहार कसा चालतो? बसमध्ये काय होते? दुकानदार वस्तू हातात देतो की वरून टाकतो? न्हावी हजामत करतो का? पाणी कोठून भरतात? देवळात कोठपर्यंत जाता येते? घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येते का? अस्पृश्यता ही एक अखंड शिळा आहे, ती आहे किंवा नाही, असे आजवर आपण मानीत आलो. देसाईंनी ती शिळा फोडून तिचे व्यवहारांत तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याचे वजन निरनिराळे भरते हे दाखवून दिले. जे व्यवहार सरकारच्या हाताखाली नव्याने निर्माण झाले, म्हणजे शाळा, टपाल, मोटार, तेथे विटाळ पुष्कळ सैल पडला होता. जे व्यवहार गावाने परंपरेने स्वतःकडे ठेवले, म्हणजे पाणी, न्हावी, घर आणि देऊळ, तेथे तो घट्ट होता. एकच मनुष्य सकाळी शाळेच्या बाकावर शेजारी बसवून घेतो आणि संध्याकाळी त्याच शेजाऱ्याला देवळाच्या पायरीखाली उभा करतो. त्याला यात विसंगती वाटत नाही, कारण ती दोन त्याच्या दृष्टीने दोन निरनिराळी जगे असतात.

टीकाकार म्हणून मला या पुस्तकात दोन उणिवा जाणवतात. पहिली अशी की, देसाईंच्या मांडणीत देऊळ हे घराच्या बाजूला जाऊन पडते. गावकऱ्यांच्या मनात ते तसे असेलही. परंतु देऊळ ही वस्तू खरोखर कोणाची, हा प्रश्न आमच्या समाजाने न्यायासनापर्यंत नेऊन लढविलेला आहे आणि त्याचे उत्तर इतके सोपे नाही. दक्षिण कानडा जिल्ह्यातील मुल्की येथील वेंकटरमण देवस्थान गौड सारस्वतांचे. सर्व हिंदूंना प्रवेश देण्याचा कायदा आपल्याला लागू नाही, हे संप्रदायाचे देऊळ आहे, असा त्यांचा दावा होता. 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. देवस्थान संप्रदायाचे आहे हे न्यायालयाने मान्य केले. तरी सर्व हिंदूंच्या प्रवेशाचा हक्क त्याहून वरचा ठरविला आणि काही विवक्षित विधींपुरता संप्रदायाचा वेगळा अधिकार राखला. पुढे अहमदाबादच्या स्वामिनारायण सत्संगींचा 1948 पासून चाललेला वाद 1966 मध्ये निकालात निघाला. तो निकाल न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी लिहिला. गोव्यात तर 1933 च्या पोर्तुगीज नियमावलीने देवस्थानचे म्हाजन कोण आणि त्यांचे अधिकार काय हेच कागदावर बांधून टाकले. म्हणजे ज्या देवळाला गावकरी घर समजतो त्याला कायदा सार्वजनिक स्थळ समजतो, आणि म्हाजन त्याला दोहोंच्या मधले काहीतरी समजतो. देसाईंच्या कोष्टकात या मधल्या जागेला रकाना नाही. खरी झुंज तर तेथेच चालते.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. देसाई माणूस काय करतो ते मोजतात. माणसे एकमेकांत काय बोलतात ते मोजीत नाहीत. गावातील नियम पाणवठ्यावर पाळला जातो, पण तो घडतो पारावर, ओट्यावर, न्हाव्याच्या पेटीसमोर, म्हणजे बोलण्यात. ही उणीव त्यांच्या काळाची होती असे म्हणून सोडून देता येईल. घनश्याम शहा यांनी नंतर त्याच गावांची पुन्हा पाहणी केली. सहकाऱ्यांसमवेत अकरा राज्यांतील 565 गावांचा अभ्यास करून 2006 साली त्यांनी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही साठ टक्क्यांहून अधिक गावांत दलितांना देवळात प्रवेश नाही असे आढळले. मोजमाप अधिक विस्तृत झाले. बोलणे पुन्हा बाहेरच राहिले.

येथे फ्रँकफुर्टच्या मंडळींची आठवण होते. 1923 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेतील हॉर्कहायमर आणि अडॉर्नो यांनी असे मांडले की, करमणुकीचा व वार्तेचा कारखाना निघाला की माणसाचे मतही कारखान्यातून तयार होऊन येते, आणि ते आपलेच आहे असे त्याला वाटत राहते. त्यांच्याच परंपरेतील युर्गेन हाबरमास यांनी 1962 च्या ग्रंथात उलट बाजू दाखविली. अठराव्या शतकात लंडनच्या कॉफीगृहांतून आणि पॅरिसच्या बैठकींतून खासगी माणसे एकत्र जमली, राज्यकारभारावर तर्काने वाद घालू लागली आणि त्यातून ‘लोकमत’ ही शक्ती जन्मास आली, असा त्यांचा सिद्धान्त. या सिद्धान्तावर बायका कोठे आहेत, कामकरी कोठे आहेत, असे आक्षेप पाश्चात्त्यांनीच घेतले आहेत. आपला आक्षेप त्याहून साधा आहे. कॉफीगृहात पेला कोणी कोणाच्या हातचा घ्यावयाचा हा प्रश्न नव्हता. आपल्याकडे एकत्र जमण्यापूर्वी एकत्र बसता येते का, हे ठरावे लागते. म्हणून परमहंसांना आधी पावाचा तुकडा खावा लागला आणि मग चर्चा करावी लागली. हाबरमासला जी पूर्वअट वाटली नाही तीच आमच्या इतिहासात मुख्य घटना आहे. सुरतेच्या सार्वजनिक जीवनावर डग्लस हेन्स या अमेरिकन इतिहासकाराने 1991 साली एक मोठा ग्रंथ लिहिला. इंग्रजी अमलात शहरातील प्रतिष्ठितांनी ‘सार्वजनिक हित’ ही भाषा कशी आत्मसात केली आणि त्या भाषेत बोलता न येणारे कसे बाहेर राहिले, हे त्यात दाखविले आहे. त्यातही मला देसाईंच्या पायरीची आठवण झाली, फक्त येथे ती पायरी शब्दांची होती.

आता ही चावडी फोनमध्ये आली आहे. सुरतेइतके याचे चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. 1994 च्या सप्टेंबरात येथे प्लेगची वार्ता उठली, तेव्हा हातोहाती फोन नव्हते. तरी काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली, त्यांत खानदेशातून उधना-लिंबायतच्या मागांवर कामास आलेली आपली मराठी माणसेही होती. त्या प्रसंगावर घनश्याम शहांनी 1997 मध्ये पुस्तक लिहून गटारे, झोपडवस्त्या आणि नगरपालिकेचे दुर्लक्ष यांची कुंडली मांडली. म्हणजे अफवेला वेग येण्यास यंत्र लागते असे नाही. भीती आणि अविश्वास पुरेसा होतो. परंतु 2015 साली पाटीदारांचे आंदोलन झाले, तेव्हा गुजरातेत सरकारने काही दिवस मोबाइलवरील इंटरनेट बंद केले. ज्या वस्तूवर सत्तेला टाळे ठोकावेसे वाटते ती वस्तू लोकमताच्या दृष्टीने लहान नाही, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते. आणि 2016 च्या जुलैत ऊनाजवळच्या मोटा समढियाळा येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलितांना बांधून मारण्यात आले. त्याचे चित्रण मारणाऱ्यांनीच दहशत बसावी म्हणून फिरविले. ते फिरता फिरता देशभर गेले आणि त्याचा अर्थ उलटला. दलितांनी मेलेली जनावरे सरकारी कचेऱ्यांपुढे नेऊन टाकली, अहमदाबादहून ऊनापर्यंत पदयात्रा निघाली. देसाईंच्या 69 गावांत जे मुकाट्याने होत असे ते एका गावात सर्वांच्या देखत झाले आणि म्हणून ते मुकाट राहू शकले नाही.

यावरून फोन हा मुक्तिदाता आहे असे म्हणणारे अनेक आहेत. मला त्यांच्यात बसता येत नाही. ऊनाचे चित्र ज्या मार्गाने गेले त्याच मार्गाने त्याहून अधिक संख्येने विष जाते, आणि त्यावर सही कोणाचीच नसते. दुर्गारामांच्या आव्हानावर दुर्गारामांचे नाव होते. आज पुढे धाडलेल्या मजकुरावर ‘पुढे धाडला’ एवढेच लिहिलेले असते. हाबरमास यांनी 2022 साली या विषयावर पुन्हा लेखणी उचलली आणि एक मार्मिक गोष्ट सांगितली: छापखान्याने प्रत्येकाला वाचक होण्याची संधी दिली, पण सर्वांना वाचता येईपर्यंत शतके लोटली, आता प्रत्येकाला लेखक होण्याची संधी मिळाली आहे, आणि लेखकपण शिकण्यास किती काळ लागेल कोण जाणे. 1842 च्या सुरतेतील शिळाछापखान्याला हे वाक्य जितके लागू तितकेच आजच्या लिंबायतेतील खोलीला.

परंतु मला अधिक चिंता वाटते ती बंद दाराच्या मंडळींची. फोनवरील आपापल्या समाजाचे, गोत्राचे, देवस्थानचे जे गट असतात त्यांचे स्वरूप काय? ते मानवधर्म सभेसारखे उघड नाहीत. बाहेरचा माणूस येऊन प्रश्न विचारू शकत नाही. ते परमहंस सभेसारखे गुप्तही नाहीत. कारण तेथे कोणी शपथ घेतलेली नसते, कोणी काही धोका पत्करलेला नसतो. परमहंसांनी कडी लावली ती रूढी मोडण्यासाठी. येथे कडी लागते ती रूढीला कोणी हात लावू नये म्हणून. हाबरमासच्या कॉफीगृहाला आणि अडॉर्नोच्या कारखान्याला दोघांनाही हे न सुचलेले तिसरेच रूप आहे. सुरतेच्या समाजशास्त्राने देसाईंची कोष्टके घेऊन आता या खोलीत शिरले पाहिजे. कोण बोलतो, कोण गप्प राहतो, कोणाच्या बोलण्यानंतर गट अर्धा दिवस शांत होतो, हेही मोजण्यासारखे आहे.

एक प्रसंग सांगतो. स्थळ आणि देवस्थान यांची नावे देत नाही. गुजरातेत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांच्या एका देवळाच्या अशा गटात मी आहे. उत्सवाच्या महाप्रसादाची यादी चालली होती. एका तरुण मुलीने लिहिले, “देवळाचे अंगण झाडणाऱ्या मावशी वर्षानुवर्षे येतात. यंदा त्यांच्या घरच्यांना आपल्याच पंगतीत बसवावे का? मागच्या दाराने पत्रावळ देण्याऐवजी?” प्रश्न साधा होता, भाषा नम्र होती. उत्तरादाखल पंधरा मिनिटांत दोन्ही हात जोडलेली बावीस चित्रे आली. मी मोजली. त्यानंतर कोणी सकाळच्या आरतीचे छायाचित्र टाकले, कोणी एका काकांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकल्या, आणि प्रश्न वर, नजरेच्या पलीकडे सरकत गेला. कोणी नाही म्हटले नाही. कोणी हो म्हटले नाही. जोडलेल्या हातांचा अर्थ संमती की निरोप, हे ठरविण्याची सोय त्या यंत्रात नाही, आणि लोकांनाही ती नसणेच सोयीचे वाटले असावे. मीही काही लिहिले नाही, हे सांगणे भाग आहे.

1971 साली देसाईंचा माणूस हाच प्रश्न घेऊन देवळाच्या दारात आला असता, तर त्याच्या कागदावर ‘हो’ किंवा ‘नाही’ यांपैकी एका शब्दावर खूण झाली असती. खोटी का होईना, पण कोणीतरी तोंड उघडले असते. बावीस जोडलेल्या हातांसाठी त्याच्या कागदावर जागा नव्हती.

उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी ती मुलगी आपल्या आजीला घेऊन ओट्यावर आली. समितीचे चारपाच गृहस्थ पानसुपारी घेत बसले होते. आजींनी विचारले, “काय हो, पोरीने काहीतरी लिहिले होते म्हणे. त्याचे काय ठरले?” तोंडासमोर माणूस असल्यावर हात जोडून भागत नाही. तासभर वाद झाला, दोघे रागावून उठून गेले, एकाने 1956 च्या मुंबई कायद्याचा आधार काढला, दुसऱ्याने मुल्कीच्या निकालातील राखीव विधींचा. शेवटी पंगतीचे पान लागले. त्या मावशींच्या घरचे तिघे बसले, आणि त्यांच्या डाव्या हाताची दोन पाने रिकामी राहिली. ती कोणासाठी मांडली होती हे तेथे सर्वांना माहीत होते.